रहस्यकथांचा गठ्ठा आणि एक लाल भोपळा: जून ते नोव्हेंबर २०२४ च्या प्रकल्प नोंदी

९ जून, रविवार

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आज सुतळीने करकचून बांधलेला एक गठ्ठा मिळाला. विक्रेत्याने पंधराशे सांगितले आणि आभाळ भरून आल्याचे पाहून अकराशेला दिला. घरी येऊन सुतळी कापली तेव्हा आत ४३ पॉकेटबुके निघाली. त्यांत बाबुराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या कथा सर्वांत जास्त आहेत. ज्या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्याचेच पारडे रद्दीतही जड असणार. त्याखालोखाल गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, नारायण धारपांच्या सात भयकादंबऱ्या आणि रत्नाकर मतकरींचे दोन गूढकथासंग्रह आहेत.

त्याच फेरीत रामसे बंधूंच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’चे घडी घातलेले पोस्टर ६०० रुपयांना घेतले आणि ८० रुपयांना कवटीची एक पितळी अंगठी घेतली. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) ठोशाने गुंडांच्या हनुवटीवर उमटणारी कवटी ज्यांना आठवते, त्यांना ही अंगठी का घेतली हे सांगावे लागणार नाही.

यंदा नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे नेमकी हॅलोविनच्या दिवशी आली आहे. त्या संध्याकाळी नारायण पेठेतल्या आमच्या बैठकीच्या खोलीत ही पुस्तके काचेच्या कपाटात मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवावीत, असा बेत आहे. हातात पाच महिन्यांहून थोडा कमी वेळ आहे. जुन्या पुस्तकांची डागडुजी मी यापूर्वी कधीही केलेली नाही, त्यामुळे चुका होतील आणि त्या इथे लिहिल्या जातील.

१० जून, सोमवार

पहिली छाननी केली. पाच पुस्तके वाळवीने आरपार पोखरलेली असल्यामुळे बाद ठरली. मात्र ती टाकून न देता प्रयोगासाठी बाजूला ठेवली, आणि हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला. उरलेल्या ३८ पैकी ९ पुस्तकांना मुखपृष्ठ नाही. त्याचे कारण पानोपानी दिसते: ही सगळी भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून आलेली आहेत. वाचनालये रंगीत मुखपृष्ठ काढून टाकून पुस्तकाला जाड पुठ्ठा आणि कापडी कणा लावत असत, म्हणून आज मुखपृष्ठासकट प्रत मिळणे अवघड झाले आहे. एका झुंजारवर चित्रकार रघुवीर मुळगावकरांची सही असलेले मुखपृष्ठ शाबूत आहे. या एका पुस्तकासाठी मी निम्मी किंमत मोजली असती.

तीन कादंबऱ्यांचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांचा संच, गायब आहे. ही पुस्तके दोऱ्याने शिवलेली नसून त्यांच्या कडेने तारेच्या टाचण्या मारलेल्या आहेत. टाचणी गंजली की तिच्याभोवतीचा कागद कुजतो आणि सर्वांत आधी शेवटची सोळा पाने सुटतात. रहस्यकथेची शेवटची सोळा पाने गेली, तर मागे काय उरते हे वेगळे सांगायला नको.

१२ जून, बुधवार

कसर, म्हणजे पुस्तके खाणारी बारीक कीड, मारण्यासाठी विषारी औषध वापरायचे नाही आणि डांबर गोळ्याही नाहीत, हे आधीच ठरवले होते, कारण गोळ्यांनी किडी फारशा मरत नाहीत आणि वास मात्र वर्षानुवर्षे जात नाही. घरगुती फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर पुस्तके दोन आठवडे ठेवली की किडे आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. प्रत्येक पुस्तक दुहेरी पिशवीत घातले, हवा दाबून काढली आणि तोंड चिकटपट्टीने बंद केले.

अडचण जागेची आली. जूनमध्ये आमचा फ्रीझर आमरसाच्या डब्यांनी भरलेला असतो. सासूबाई म्हणाल्या, “अगं, रसाच्या शेजारी तू वाळवी ठेवणार?” पिशव्या दुहेरी आहेत हे पटवायला मला दोन दिवस लागले आणि शेवटी खालचा अर्धा कप्पा मिळाला. त्यात एका वेळी तेराच पुस्तके मावतात, म्हणजे तीन खेपा आणि सहा आठवडे. हा वेळ मी गृहीतच धरला नव्हता.

२७ जून, गुरुवार

पहिली मोठी चूक. पहिली खेप बाहेर काढली आणि उत्साहाच्या भरात तीन पिशव्या लगेच उघडल्या. गार पुस्तकांवर बाहेरच्या दमट हवेतले पाणी क्षणात जमले, जसे गार पेल्यावर जमते. एका धारपांच्या मुखपृष्ठावरचा लाल रंग बोटाला लागला आणि दोन पुस्तकांची पाने पापडासारखी वळली. उरलेल्या दहा पिशव्या न उघडता चोवीस तास टेबलावर ठेवल्या आणि मगच उघडल्या. त्यांना काहीही झाले नाही. पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, एवढेच पथ्य होते आणि तेच मी मोडले.

७ जुलै, रविवार

कोरडी सफाई सुरू केली. मऊ रुंद ब्रशने कण्यापासून बाहेरच्या बाजूला धूळ काढायची, मग पांढरे खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा पानावर पसरायचा आणि बोटाच्या पेराने हलकेच गोल फिरवायचा. एका पुस्तकाला साधारण चाळीस मिनिटे लागतात. सहा पुस्तके अशी लख्ख झाली आणि मी स्वतःवर खूश होते.

सातव्या पुस्तकाच्या अकराव्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेले आढळले: “खुनी डॉक्टर आहे. वेळ घालवू नका.” त्याखाली दुसऱ्या, तिरप्या अक्षरात: “डॉक्टर नव्हे, कंपाउंडर. नीट वाचत जा.” मी हसता हसता थांबले, कारण आधीच्या सहा पुस्तकांतूनही पेन्सिलीच्या खुणा मी मळ समजून पुसल्या होत्या आणि त्यांतल्या निदान दोन ठिकाणी अक्षरे होती हे मला नक्की आठवत होते. काय लिहिले होते ते आता कधीही कळणार नाही. हे नुकसान कुठल्याही कसरीने केलेले नाही, ते मी केले आहे.

आजपासून नियम असा: धूळ, जाळी, किड्यांची विष्ठा आणि गंज काढायचा, पेन्सिल, वाचनालयाचे शिक्के, “पाने दुमडू नयेत” ही चिठ्ठी आणि तरीही दुमडलेले कोपरे यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. बहुतेक वाचनालये पहिल्या पानाबरोबरच आतल्या एका ठरावीक पानावरही गुपचूप शिक्का मारत, म्हणजे चोराने पहिले पान फाडले तरी पुस्तक ओळखता यावे. आमच्या गठ्ठ्यातल्या चौदा पुस्तकांत तो एक्कावन्नाव्या पानावर आहे, यावरून ती चौदा एकाच वाचनालयाची असावीत.

योगायोग असा की डॉक्टर-कंपाउंडरचे हे पुस्तक शेवटचा फर्मा हरवलेल्या तिघांपैकी एक आहे.

२६ जुलै, शुक्रवार

काल पावसाने कहर केला. भिडे पूल पाण्याखाली गेला, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरले आणि आमच्या घरात ज्या भिंतीला कपाट टेकवले होते तिला ओल आली. आर्द्रतामापक ८४ टक्के दाखवत होता. सकाळी कपाट उघडले तेव्हा चार पुस्तकांच्या कण्यांवर करडी बुरशी धरलेली होती.

ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळला, कारण त्याने बुरशी कागदात आणखी खोल जाते. पुस्तके पंख्याच्या वाऱ्यात, पण झोत थेट न येऊ देता, दोन दिवस सुकवायची आणि बुरशी कोरडी पडल्यावर गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, ब्रशने काढायची असे ठरवले. कपाट आता भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले आहे. बोहरी आळीतून केशरी रंगाचे सिलिका जेल ३५० रुपयांना आणले. निळे स्वस्त होते, पण त्यातल्या रंगात कोबाल्ट असते आणि हे दाणे पुन्हा सुकवण्यासाठी ओव्हनमध्ये घालावे लागतात. आमच्या ओव्हनमध्ये नानकटाईही भाजली जाते.

याच धांदलीत दुसरे नुकसान लक्षात आले. मुखपृष्ठांना संरक्षण म्हणून मी दुकानात मिळणारी मऊ, चकचकीत प्लास्टिकची वेष्टने ३०० रुपयांना घेतली होती. ती पीव्हीसीची निघाली. दमट हवेत ती मुखपृष्ठांना चिकटली आणि काढताना एका काळापहाडाच्या मुखवट्याचा काळा रंग वेष्टनावर निघून आला. नवी वेष्टने पॉलिप्रोपिलीनची घेतली, ६४० रुपये. पीव्हीसीला नव्या रेनकोटासारखा वास येतो. विकत घेण्यापूर्वी वास घेऊन पाहावा.

११ ऑगस्ट, रविवार

चिकटवण्याचे प्रयोग. सुतारकामाचा पांढरा गोंद मी बाद पुस्तकांपैकी एकाच्या कण्याला लावून पाहिला होता. तो वाळल्यावर कणा लाकडासारखा ताठ झाला आणि पुस्तक उघडताना पाने गोंदाच्या रेषेवर तुटली, शिवाय तो गोंद पुन्हा काढताही येत नाही. मग जुन्या बाइंडरांच्या पद्धतीने मैद्याची खळ करून पाहिली. ते खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण मोरचुदातले तांबे कालांतराने कागदच खाते, म्हणून मी ते घातले नाही. चौथ्या दिवशी खळीला मुंग्या लागल्या.

जगभरचे कागद-जतनकार गव्हाचा निव्वळ स्टार्च वापरतात, असे वाचत होते. वाचता वाचता लक्षात आले की गव्हातला चिकट भाग वेगळा काढून उरलेला हा स्टार्च म्हणजे आपला कुरडयांचा चीकच आहे. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “श्रावणात कुरडया कोण घालतं? वाळणार कुठं त्या?” पुस्तकांसाठी हवा आहे म्हटल्यावर त्यांनी आमरसाच्या शेजारच्या वाळवीची आठवण करून दिली, आणि तरीही गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलून चौथ्या दिवशी गहू वाटले, फडक्यातून गाळले आणि रात्रभर निवळू दिले. सकाळी वरचे पाणी ओतून दिल्यावर तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला होता.

एक वाटी चिकाला पाच वाट्या पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास शिजवला. कुरडयांपेक्षा पुष्कळ पातळ. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढला. फ्रिजमध्ये तो चार दिवस टिकतो, त्यानंतर आंबूस वास येतो आणि टाकावा लागतो. पुढे असे पाच घाणे झाले.

१ सप्टेंबर, रविवार

फाटलेली पाने जोडण्यासाठी आधी पतंगाचा पांढरा कागद वापरून पाहिला. तो स्वस्त आहे, पण ओला झाला की फुगतो आणि वाळताना आकसून पान ओढून घेतो. शेवटी लांब तंतूंचा जपानी टिश्यू कागद मागवला. चार तावांचे ७२० रुपये झाले. त्याची पट्टी कात्रीने कापायची नाही. पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रेघ ओढायची आणि रेघेवर कागद फाडायचा, म्हणजे कडेला बारीक तंतू सुटतात आणि जोड डोळ्याला दिसत नाही. पट्टीला चीक लावून ती फाटीवर ठेवायची, वर टीपकागद आणि त्यावर वजन. वजनासाठी आधी वरवंटा वापरला, तो गडगडला आणि टेबलावरून खाली पडला. आता विटेला जुन्या धोतराचे कापड गुंडाळून वापरते.

गंजलेल्या टाचण्या उपटायच्या नाहीत. पाय पातळ पात्याने मागून सरळ करायचे आणि मग समोरून अलगद ओढायचे. पहिल्या दोन पुस्तकांत मी पक्कड वापरली आणि दोन्हीकडे बोटभर भोके पडली. टाचण्यांच्या जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून पुन्हा शिवते. एका पुस्तकाला सफाई धरून अडीच तासांच्या आसपास लागतात.

१५ सप्टेंबर, रविवार

कागदातले आम्ल घालवण्यासाठी खायच्या चुन्याची निवळी वापरता येते का, हे बाद पुस्तकाच्या सुट्या पानांवर पाहिले. पहिले पान निवळीतून उचलतानाच फाटले. दुसरे मच्छरदाणीच्या तुकड्यावर ठेवून बुडवले आणि जाळीसकट उचलले, ते टिकले आणि थोडे उजळलेही. छापाची शाई जागची हलली नाही, पण वाचनालयाच्या शिक्क्याची जांभळी शाई पानभर पसरली. शिवाय हे करायचे तर प्रत्येक पुस्तक पान पान सुटे करावे लागेल. विषय इथेच सोडला.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतींच्या गडबडीत एक आठवडा काम बंद होते. आज पोस्टर उलगडले. जुन्या हिंदी चित्रपटांची पोस्टरे साधारण ३० बाय ४० इंचांची असतात आणि पाठवताना घडी घातल्यामुळे घड्यांवर शाई उडून पांढऱ्या रेघा पडतात. या रेघा चिकाने आणि टिश्यूने मागून सांधायच्या म्हणून पोस्टर पालथे घातले, तर मागची बाजू कोरी, गुळगुळीत आणि घडीची खूण एकच. पुन्हा उलथे करून पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवले. बोटाला काहीच लागले नाही. भिंगाखाली पाहिले तेव्हा त्या पांढऱ्या रेघांच्या आतही छपाईचे ठिपके होते. म्हणजे कोणीतरी खऱ्या पोस्टरचा फोटो घेऊन घड्यांसकट नवा छाप काढला आहे, आणि त्यावर माझ्यासारख्यांसाठी एक खरी घडी घातली आहे.

६०० रुपये गेले. घडी डोळ्याने नव्हे, बोटाने तपासायची, हे बाजारात उभ्या उभ्या दहा सेकंदांत करता आले असते. पोस्टर तरीही भिंतीवर लावणार आहे, खाली “नक्कल” अशी चिठ्ठी लावून.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

हॅलोविनला भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा लावतात, त्या भोपळ्याची रंगीत तालीम फसली. रविवारी मंडईतून १४० रुपयांना अख्खा लाल भोपळा आणला. भाजीवाल्या मावशी फोड करून द्यायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवावे लागले. आयर्लंडमध्ये हे दिवे मुळात सलगमाचे कोरत असत आणि अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला. तो भोपळा मोठा, नारिंगी आणि पातळ भिंतीचा असतो, तर आपल्या लाल भोपळ्याचा गर जाड असतो. डोळे कोरायला दीड तास लागला, सुरी एकदा निसटली आणि आत पणती लावल्यावर उजेड बाहेर येईना. त्यात ऑक्टोबरचे ऊन. तिसऱ्या दिवशी चिलटे आली, आज चौथ्या दिवशी तळ बसला आणि पाणी कपाटाच्या दिशेने वाहू लागले. पुस्तकांपासून दोन वीत अंतरावर ते अडवले.

सुधारणा: चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून चमच्याने खरवडून बोटभर जाडीची करायची, आत व्हिनेगरचा हात फिरवून पुसून कोरडी करायची, पणतीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवायचा, आदल्या रात्रीच कोरायचे आणि भोपळा कपाटाजवळ नव्हे, खिडकीत ठेवायचा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान झाले आणि दारात चिराटे (कारीट) फोडले. काल रात्री १६० रुपयांचा दुसरा भोपळा कोरला होता, त्याच्या खरवडलेल्या गराचे सासूबाईंनी घारगे केले. खिडकीतल्या दात विचकलेल्या भोपळ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “सकाळी नरकासुर पायाखाली चिरडायचा आणि संध्याकाळी खिडकीत बसवायचा, छान आहे तुमचं.” या वेळी उजेड नीट बाहेर आला. लहान मुलांनी मात्र त्याला भूत मानायला नकार दिला. त्यांच्या मते आत म्हातारी बसलेली होती आणि ती लेकीकडून परत निघाली होती.

कपाटात ३८ पुस्तके, अंगठी आणि गंजलेल्या टाचण्यांची एक बशी ठेवली. उघडी पुस्तके काटकोनापेक्षा जास्त उघडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे उतरते आधार केले होते. दिवे एलईडीचे, तेही तीनच तास. साधारण वीस-बावीस माणसे आली. मुळगावकरांच्या मुखपृष्ठापुढे गर्दी होईल असे मला वाटले होते, पण गर्दी अकराव्या पानापुढे झाली. तळमजल्यावरच्या काकांनी ती कादंबरी शाळेत असताना बाकाखाली धरून वाचली होती आणि त्यांच्या मते खुनी डॉक्टरच होता. त्यांच्या धाकट्या बहिणीने तीच कादंबरी, कदाचित त्याच वाचनालयाची तीच प्रत, त्यांच्यानंतर दोन दिवसांनी वाचली होती आणि ती कंपाउंडरवर ठाम होती. घारगे संपेपर्यंत हा वाद चालला.

३ नोव्हेंबर, रविवार

आवराआवर केली. पुस्तके वेष्टनांत घालून, सिलिका जेलच्या पुरचुंड्यांसह कपाटात आडवी ठेवली. नोंदवहीप्रमाणे एकूण खर्च ५,०२० रुपये आला. त्यांपैकी पोस्टर, पीव्हीसीची वेष्टने आणि पहिला भोपळा मिळून १,०४० रुपये निव्वळ वाया गेले. वेळ ९४ तास, यात फ्रीझरसमोरच्या वाटाघाटी धरलेल्या नाहीत. पितळी अंगठी घालून तीन दिवस वावरले, तर बोट हिरवे झाले आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

जुन्या बाजारात सकाळी लवकर गेले. तिसऱ्या रांगेत, स्टोव्हच्या सुट्या भागांच्या आणि कुलपांच्या ढिगाशेजारी, डॉक्टर-कंपाउंडरच्या कादंबरीची दुसरी प्रत मिळाली. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पाने नाहीत, कणा कसरीने खाल्लेला, पण शेवटचा फर्मा शाबूत आहे. विक्रेत्याने १२० रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली नाही.

आत जिवंत कसर दिसत असल्यामुळे प्रत न वाचता दुहेरी पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाकली आहे. २४ तारखेला बाहेर काढायची आणि चोवीस तास टेबलावर ठेवून २५ ला उघडायची. तळमजल्यावरचे काका आज दोनदा येऊन गेले. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “तिनं जूनमध्ये एकदा घाई केलीय, आता ती ऐकायची नाही.”